हजेरीपटावरचा हाफबॅक

१/ "महाराष्ट्राच्या मातीत फुटबॉल रुजत नाही." "मुंबईकर जन्मतः क्रिकेटवेडा." "व्यावसायिक फुटबॉल आपल्याकडे आले ते २०१४ साली, इंडियन सुपर लीगबरोबर." ही तीन विधाने समाजमाध्यमांवर इतक्या सहजतेने फिरतात की कोणी पुरावा मागत नाही. तिन्ही विधाने इतिहासाच्या कसोटीला उतरत नाहीत. प्रस्तुत धागा त्यांच्या खंडनासाठी आहे.

२/ खंडनासाठी गोल करणाऱ्यांच्या कथा पुरेशा नाहीत. आघाडीवीर अपवादानेही जन्माला येतो. एखादी तेजस्वी दुपार त्याला अमर करते. मध्यरक्षकाचे तसे नसते. कोणता चेंडू थांबवायचा, कोणता पुढे ढकलायचा, कोणत्या क्षणी मागे सरकायचे हे त्याला त्याच दहा सहकाऱ्यांबरोबर वर्षानुवर्षे खेळूनच उमगते. म्हणून जिथे मध्यरक्षक घडतो, तिथे एखादी टिकाऊ संस्था असतेच. तो मोडला तर आधी संस्था मोडलेली असते.

३/ या कथेचा भूगोल पावणे गावाभोवतीचा धरू. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेस, पारसिकच्या डोंगररांगेच्या बाजूला असलेले हे आगरी वस्तीचे जुने गाव. आज त्याचा पत्ता सांगताना नावापुढे 'एमआयडीसी' जोडावे लागते. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या गावांची शेते आणि माळ घेऊन जो औद्योगिक पट्टा उभा राहिला, त्याच्या मध्यभागी पावणे येते.

४/ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, ४ सप्टेंबर १९६२ रोजी, जकार्ता येथे भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून आशियाई क्रीडास्पर्धांचे फुटबॉल सुवर्णपदक जिंकले. त्याच वर्षी मुंबईत महिंद्र कंपनीचा फुटबॉल संघ उभा राहिला. या तीन घटना शालेय पुस्तकांत कधी एका पानावर येत नाहीत. त्या एका पानावर आणल्याशिवाय महाराष्ट्राच्या फुटबॉलचा इतिहास कळत नाही.

५/ जकार्त्याच्या त्या संघाची कहाणी २०२४ मधील 'मैदान' या चित्रपटामुळे नव्या पिढीपर्यंत पोहोचली. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, जर्नेल सिंग ही नावे पुन्हा ओठांवर आली. मात्र त्या संघाच्या मधल्या फळीत टाटा स्पोर्ट्स क्लबचा एक हाफबॅक होता, हे मुंबईत किती जणांना ठाऊक आहे? त्यांचे नाव फोर्तुनातो फ्रँको.

६/ फ्रँको यांचा जन्म १९३७ साली गोव्यातील कोलवाळचा. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तसाच राहिला. अर्थात १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी भारतीय संघात त्यांची निवड झाली, तेव्हा त्यांचे जन्मगाव भारताच्या नकाशात नव्हते. गोव्याच्या मुक्तीआधी गोमंतकीय माणसाला भारताच्या संघात आणणारा दुवा मुंबई होती. आणि मुंबईतला दुवा म्हणजे तिथली लीग आणि तिथले कंपनी-संघ.

७/ जकार्त्याची वाट सोपी नव्हती. पहिल्याच सामन्यात भारत दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. मग थायलंडला ४-१, जपानला २-० आणि उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२ असे हरवत संघ अंतिम फेरीत आला. इस्रायल व तैवान यांना यजमानांनी प्रवेश नाकारल्यावर गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतला होता. त्याचा राग प्रेक्षकांनी भारतीय संघावर काढला. खचाखच भरलेले मैदान विरोधात ओरडत असताना बॅनर्जी व जर्नेल यांनी गोल केले आणि ज्यांनी आधी हरवले होते त्यांनाच हरवून पदक घेतले.

८/ अशा गदारोळात सामना धरून ठेवणे हे मधल्या फळीचे काम. त्याची नोंद गोलफलकावर होत नाही. फ्रँको पुढे १९६४ च्या आशियाई चषकात उपविजेत्या ठरलेल्या भारतीय संघातही होते. १० मे २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. महासाथीच्या त्या भीषण आठवड्यांत ही वार्ता आली आणि गेली. ज्या शहराच्या मैदानांवर हा खेळाडू नावारूपाला आला, त्या शहराच्या स्मृतीत तो नाही. स्मृतीत नसल्यामुळेच "इथे फुटबॉल नव्हते" असे म्हणणे सोपे जाते.

९/ आता त्याच काळातील इंग्लंड पाहू, कारण 'व्यावसायिक' या शब्दाचे मूळ तिथे आहे आणि गैरसमजाचेही. जॉर्ज ईस्टहॅम हे फ्रँको यांच्याहून एका वर्षाने मोठे, जन्म १९३६. न्यूकॅसल युनायटेडचे इनसाइड फॉरवर्ड, म्हणजे आघाडी आणि मधली फळी यांना जोडणारा खेळाडू. १९६० मध्ये त्यांना क्लब सोडायचा होता. क्लब सोडेना.

१०/ तेव्हाच्या इंग्रजी नियमानुसार करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच राहत असे. क्लबने ठेवतो म्हटले की दुसरीकडे खेळता येत नसे, आणि नकार दिला की पगारही थांबे. वर पगाराला कमाल मर्यादा होती: आठवड्याला २० पौंड. जगातील सर्वात जुन्या 'व्यावसायिक' फुटबॉलमध्ये व्यवसायाचे मूलभूत स्वातंत्र्यच नव्हते. ईस्टहॅम यांनी खेळणे बंद केले आणि पोटासाठी एका परिचिताच्या बुचांच्या व्यवसायात विक्रीचे काम धरले.

११/ त्यांच्यामागे खेळाडूंची संघटना उभी राहिली. ही संघटना १९०७ साली मँचेस्टरला स्थापन झालेली. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली तिने संपाचा इशारा दिला आणि जानेवारी १९६१ मध्ये कमाल पगाराची अट गेली. ईस्टहॅम आर्सेनलकडे गेले, तरी न्यूकॅसलविरुद्धचा खटला चालूच राहिला. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की खेळाडूला अडकवून ठेवण्याची ही पद्धत म्हणजे व्यवसायस्वातंत्र्यावरील गैरवाजवी निर्बंध होय. पुढे १९९५ साली युरोपभर करार संपलेल्या खेळाडूला मुक्त करणारा जो निकाल लागला, तो मिळवणारे बेल्जियमचे जाँ-मार्क बॉसमन हेही मध्यरक्षकच होते.

१२/ हा तपशील देण्याचे कारण एवढेच: व्यावसायिकता म्हणजे रोषणाई, लिलाव आणि दूरचित्रवाणी नव्हे. इंग्लंडमध्ये तिचा अर्थ खेळाडूंनी संघटनेच्या बळावर आणि न्यायालयात ठरवला. खेळातून पोट भरावे, त्या पोटावर मालकाला मनमानी पाय देता येऊ नये, आणि खेळ संपल्यावरही माणूस रस्त्यावर येऊ नये, हा तो अर्थ. या कसोटीवर २०१४ पूर्वीचे मुंबईचे फुटबॉल तपासले तर काय दिसते?

१३/ पाया ब्रिटिश लष्कराने घातला हे खरे. रोव्हर्स चषक १८९१ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पहिली अनेक दशके तो पलटणींच्याच ताब्यात राहिला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला, तेव्हा प्रथमच तो भारतीय नागरी संघाकडे आला. मुंबईची हारवुड लीग १९०२ ची, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ ची. म्हणजे मुंबईची फुटबॉल लीग रणजी करंडकाहून तीन दशकांनी मोठी आहे. "मातीत नाही" म्हणणाऱ्यांनी ही वर्षे शेजारी शेजारी लिहून पाहावीत.

१४/ स्वातंत्र्यानंतर पलटणी गेल्या आणि त्यांची जागा कंपन्यांनी घेतली. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, महिंद्र. पुढे एअर इंडिया, ओर्के मिल्स, आरसीएफ, ओएनजीसी. शिवाय रेल्वे आणि बँका. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे, ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक साधणारे पहिले आशियाई खेळाडू नेव्हिल डिसूझा मुंबईचेच. ते टाटा आणि कॅल्टेक्स या संघांतून खेळले. १९५८ चा रोव्हर्स चषक कॅल्टेक्सने जिंकला. संतोष करंडक आधी मुंबईने १९५४-५५ मध्ये, मग महाराष्ट्राने १९६३-६४, १९९०-९१ आणि १९९९-२००० मध्ये जिंकला.

१५/ या संघांची रचना साधी होती. चांगला खेळतो म्हणून मुलाला नोकरी मिळे. हजेरीपटावर नाव, महिनाअखेर पगार, सराव आणि सामन्यांसाठी सवलत, भविष्यनिर्वाह निधी. गुडघा गेला तरी खुर्ची राहत असे. धोबी तलावच्या कुडात राहणारा गोमंतकीय, वांद्र्याचा ख्रिस्ती किंवा नागपाड्याचा मुसलमान तरुण, कोणत्याही घरच्या आईबापांना हे गणित पटत असे. मुलाला वीस ते तीस या वयात निर्धास्तपणे खेळू देणारे दुसरे काही या शहरात नव्हते.

१६/ या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. खेळाडू हा मालकाच्या मर्जीतला नोकर होता. बढती खेळाच्या कामगिरीवर की साहेबाच्या लहरीवर, हे कोणी विचारू शकत नसे. कंपनी-संघांना मोहल्ल्याचा प्रेक्षक नव्हता, स्वतःच्या बालसंघांची परंपरा क्वचितच होती, आणि इंग्लंडप्रमाणे खेळाडूंची संघटना तर नव्हतीच. भारतीय फुटबॉलपटूंची संघटना बायचुंग भूतिया यांच्या पुढाकाराने २००६ साली आली: इंग्लंडनंतर ९९ वर्षांनी. हे सर्व दोष मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. त्या व्यवस्थेत मध्यरक्षकाला दहा वर्षे मिळत.

१७/ ती दहा वर्षे पुढे कशी हिरावली गेली, याचा नकाशा एकाच माणसाच्या कारकिर्दीत सापडतो. खालिद जमील. जन्म १९७७, कुवेत. पुढे घर मुंबई. मध्यरक्षक. १९९७ च्या सुमारास महिंद्र, नंतर एअर इंडिया, २००२ मध्ये पुन्हा महिंद्र, २००७ पासून मुंबई एफसी. भारताकडूनही खेळले. दुखापतींनी खेळ थांबवल्यावर मुंबई एफसीचेच प्रशिक्षक झाले.

१८/ आता ही तीन नावे तपासू. महिंद्र युनायटेड: २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता, २००३ व २००५ चा फेडरेशन चषक विजेता, २०१० मध्ये बंद. एअर इंडिया: २०१३ मध्ये आय-लीगचा परवाना नाकारला गेला. मुंबई एफसी: २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला आणि परत आला नाही. मुंबईच्या एका आंतरराष्ट्रीय मध्यरक्षकाने या शहरात ज्या ज्या संघाकडून खेळ केला, त्यांतला एकही आज देशाच्या अव्वल स्पर्धेत नाही. सात वर्षांत तीन संघ गेले.

१९/ जमील यांनी २०१६-१७ मध्ये मिझोरमच्या आयझॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. मुंबईच्या मैदानांवर मुरलेले ज्ञान आजही देशाच्या उपयोगी पडते आहे. ज्या भट्टीत ते तयार झाले ती भट्टी मात्र विझवली गेली. पुढचा जमील कुठून येणार, हा प्रश्न कोणत्याही सत्कारसमारंभात विचारला जात नाही.

२०/ भट्टी का विझली? "लोकांना क्रिकेट आवडते" हे उत्तर आळशी आहे. कोल्हापूरने ते केव्हाच खोटे ठरवले. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब यांच्या लढतींना शाहू स्टेडियमवर हजारोंची गर्दी होते. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत शिकला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारतातर्फे खेळला. प्रेक्षक आहे, परंपरा आहे, ईर्षा तर उतू जाते. नाही ती फक्त उपजीविका. कोल्हापूरच्या मुलाला फुटबॉलवर जगायचे असेल तर आजही कोल्हापूर सोडावे लागते.

२१/ खरे उत्तर कारखान्यात आहे, आणि ते शोधायला पावण्यात परतावे लागते. ज्या मफतलाल समूहाचा संघ मुंबईत नावाजला होता, त्याच समूहाने ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिल हा पेट्रोकेमिकल उद्योग उभारला. शहरातील भांडवल खाडी ओलांडून इकडे आले. १८ जानेवारी १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतील उद्योगाचे जुने जग कोसळले. खाडीपलीकडच्या पट्ट्यात कारखाने वाढत गेले, मात्र नोकरीचे स्वरूप बदलले. कायम कामगाराच्या जागी कंत्राटी कामगार आला.

२२/ हा बदल फुटबॉलच्या इतिहासात कोणी लिहीत नाही, म्हणून इथे ठळकपणे लिहायला हवा. ज्या कारखान्यात यंत्र सांभाळणारा फिटरच ठेकेदाराच्या वहीत आहे, तिथे हाफबॅकला कायम हजेरीपटावर कोण घेणार? कंपनी-संघांचा मृत्यू आणि कायम नोकरीचा मृत्यू ही एकाच घटनेची दोन नावे आहेत. ज्या गावांनी जमिनी दिल्या त्यांची मुले कारखान्याच्या दाराशी कामासाठी तिष्ठत राहिली. त्यांना खेळाडू म्हणून नोकरी मिळण्याची गोष्ट तर दूरच.

२३/ यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळता येणार नाही. महासंघ म्हणतो: कार्यालयीन संघ म्हणजे क्लब नव्हेत; आशियाई परवाना-नियमांना स्वतंत्र कंपनी, बालसंघ आणि आर्थिक पारदर्शकता लागते; ते न पाळणाऱ्यांना बाहेर काढणे प्राप्त होते. नियम योग्यच आहेत. प्रश्न त्यांच्या अंमलाचा आहे. जर्मनीत बायर लेव्हरकुसेन आणि नेदरलँड्समध्ये पीएसव्ही आइंडहोवन हे मुळात कारखान्यांचेच संघ: पहिला बायर या औषध-रसायन कंपनीचा, दुसरा फिलिप्सचा. तिथे कारखान्याचा संघ शहराचा क्लब झाला. आपल्याकडे त्याला दाराबाहेरची वाट दाखवण्यात आली. रूपांतराची योजना न आखता केवळ अपात्रता जाहीर करणे याला सुधारणा म्हणत नाहीत.

२४/ जागा रिकामी झाल्यावर तिथे काय आले, तेही पाहावे. महिंद्रने संघ बंद करताना शालेय फुटबॉलकडे वळत असल्याचे सांगितले. हा बदल एका कंपनीपुरता राहिला नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने सामाजिक उत्तरदायित्वाचा खर्च बंधनकारक केला आणि त्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त व ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाला जागा दिली. मात्र केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभाचा खर्च त्यात धरला जात नाही.

२५/ या तरतुदीचा परिणाम शांतपणे समजून घ्यावा. कंपनीने बारा वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याचे शिबिर घेतले, चेंडू वाटले, छायाचित्रे काढली, तर ते पुण्यकर्म म्हणून ताळेबंदात जाते. त्याच मुलाला बाविसाव्या वर्षी नोकरी देऊन खेळू दिले तर तो निव्वळ पगारखर्च. खेळाडूच्या बालपणावर दान आणि तारुण्यावर उपासमार, अशी ही रचना आहे. बारा वर्षांचा मुलगा मध्यरक्षक नसतो. तो घडायला आणखी दहा वर्षे लागतात, आणि नेमकी तीच दहा वर्षे कोणाच्याच खात्यावर नाहीत.

२६/ पावण्याच्या दोन्ही बाजूंना आज फुटबॉलचे वैभव दिसते. उत्तरेस घणसोलीला रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी. दक्षिणेस नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियम: मुळात क्रिकेटसाठी बांधलेले, तरीही २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा स्पेन-माली उपांत्य सामना आणि २०२२ च्या १७ वर्षांखालील महिला विश्वचषकाचा अंतिम सामना इथेच झाला. २०१४ व २०१५ मध्ये मुंबई सिटी एफसीचे घरचे मैदानही हेच. एवढ्यावरून नवी मुंबईला 'फुटबॉलनगरी' म्हणण्याची हौस अनेकांना आहे.

२७/ बोलीभाषेत पावणे म्हणजे पाहुणे. या परिसरात फुटबॉल तसाच आहे: सजवलेल्या मांडवात येतो, मानपान घेतो, निघून जातो. मुंबई सिटी दोन हंगामांनंतर अंधेरीला गेली. विश्वचषकाचे संघ विमानाने गेले. जानेवारी २०२२ मध्ये महिला आशियाई चषकात भारताचा संघ याच नेरूळच्या मैदानावर चिनी तैपेईविरुद्ध उतरायचा होता. करोनाबाधेमुळे १३ खेळाडूही उपलब्ध झाल्या नाहीत आणि यजमान देश स्पर्धेतून बाद झाला. दिवे, खुर्च्या, हिरवळ सर्व सज्ज होते. खेळणारी माणसेच नव्हती. मैदानाला फुटबॉल समजणाऱ्या धोरणावर याहून बोलके भाष्य शोधावे लागणार नाही.

२८/ अकादमीला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्यातून मुले अव्वल क्लबांपर्यंत गेली आहेत. मात्र मोजकी मुले निवडणारी अकादमी ही शिडीची वरची पायरी आहे. मधल्या पायऱ्या म्हणजे शेकडो खेळाडूंना रोजगार देणारे मध्यम दर्जाचे संघ. टाटांचा संघ, आरसीएफ, ओर्के ही ती मधली पायरी होती. ती काढून घेतल्यावर खाली शिबिरे उरली आणि वर लीग, आणि मध्ये नुसती पोकळी.

२९/ वरची पायरी तरी भक्कम आहे का? २०१० मध्ये महासंघाने व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी एका कंपनीला दिले. मुदत संपत आली, नवा करार होईना, आणि जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीग स्थगित ठेवण्यात आली. हंगाम नेहमीच्या वेळी सुरूच झाला नाही. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने पहिल्या संघातील खेळाडू व कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबवल्याचे जाहीर केले. ज्याला 'खरी व्यावसायिकता' म्हणून २०१४ पासून मिरवले, ती एका कराराच्या तारखेवर टांगलेली निघाली. ईस्टहॅम यांचा पगार क्लबच्या हट्टाने थांबत होता. इथे तो कागदाची मुदत संपल्याने थांबला. फ्रँको यांच्या पिढीतल्या हजेरीपटावर ही वेळ येत नव्हती.

३०/ मग मागणी काय? भूतकाळ जसाच्या तसा परत आणा, ही नव्हे. कंपनीच्या कृपेवर जगणारा खेळाडू पुन्हा नको. मागण्या चार आहेत. औद्योगिक पट्ट्यातील मोठ्या उद्योगांनी एकत्र येऊन परिसराचा क्लब चालवावा. एकट्या मालकाच्या लहरीवर तो बंद पडता कामा नये. खेळाडूला किमान तीन वर्षांचा करार, विमा आणि भविष्यनिर्वाह निधी मिळावा. प्रशिक्षणाइतकाच प्रौढ खेळाडूंचा रोजगारही कायद्याने सामाजिक खर्च म्हणून मोजावा. आणि औद्योगिक भूखंडांच्या आराखड्यात खेळाचे मैदान हे ट्रकतळाच्या आधी लिहावे.

३१/ यातील एकही मागणी क्रांतिकारक नाही. चौथीसाठी तर पैशाचीही गरज नाही. पावण्यासारख्या गावांनी या राज्याला उद्योगासाठी जमीन दिली. त्या बदल्यात गावच्या मुलांना संध्याकाळी चेंडू मारायला सपाट तुकडा आणि जमलेच तर त्यावर पोट भरण्याची संधी मागणे, हे भीक मागणे नव्हे. ती थकबाकी आहे.

३२/ इतिहासाच्या अभ्यासकांवरही एक जबाबदारी येते. फुटबॉलचा इतिहास चषकांच्या याद्यांतून लिहिला जातो, तोवर "इथे काही नव्हते" हे विधान टिकून राहील. तो कंपन्यांच्या सेवापुस्तिकांतून, पगारपत्रकांतून, कुडांच्या नोंदवह्यांतून आणि निवृत्त कामगारांच्या तोंडून लिहायला हवा. ही माणसे वृद्ध होत आहेत. फ्रँको यांच्याबरोबर एक दप्तर २०२१ मध्ये बंद झाले. उरलेली दप्तरे कोणाची वाट पाहत थांबणार नाहीत.

३३/ पुढच्या वेळी कोणी म्हणेल, "महाराष्ट्राच्या मातीत फुटबॉल नाही," तेव्हा त्याला प्रतिप्रश्न करावा: माती कोणाच्या ताब्यात आहे? जकार्त्याच्या सुवर्णपदकात मुंबईचा एक हाफबॅक होता. त्याला घडवणारी व्यवस्था मातीने गिळली नाही. ती माणसांनी, कागदावर सह्या करून, एकेक करत बंद केली. आणि जे सह्यांनी बंद झाले, ते सह्यांनीच पुन्हा उघडता येते.

(धागा समाप्त)